‘गोळीबार केला’ की ‘करावा लागला’?

८ मे १९७० रोजी जळगावात दंगल झाली. आदल्या दिवशी, ७ मे रोजी, भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत आग पेटली होती. तिची धग एका दिवसात खानदेशात पोचली. पुढे सरकारने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला आणि त्या आयोगाने भिवंडी, जळगाव व महाड या तिन्ही ठिकाणांची तपासणी केली. जळगावात मेलेल्यांची संख्या आयोगाने नोंदवली ती ४३. त्यात ४२ मुसलमान आणि एक हिंदू. मालमत्तेचे नुकसान झाले ते सुमारे ३४ लाख ७५ हजार रुपयांचे. त्यातले जवळपास ३३ लाख ९१ हजार रुपयांचे मुसलमानांचे.

आता हाच प्रसंग एका ओळीत सांगून पाहा. “जळगावात दोन गटांत दंगल, ४३ ठार.” या ओळीत एकही शब्द खोटा नाही. गाव बरोबर, आकडा बरोबर. ती नेमकी कोणत्या दैनिकात छापली गेली, हा माझा मुद्दा नाही. पण या साच्याची ओळ आपण सगळ्यांनी आयुष्यात शंभर वेळा वाचली आहे. ती वाचल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र येते ते असे: इकडे काही माणसे, तिकडे काही माणसे, दोघांच्या हातात सारख्याच काठ्या. ४२ आणि एक हा हिशेब त्या चित्रात कुठेच बसत नाही. खोटे न बोलताही बातमी खोटी होऊ शकते, ती अशी.

गेली काही वर्षे आपण दूरचित्रवाणीवर ढाका पाहिले, कैरो पाहिले, म्यानमार पाहिले. लोक रस्त्यावर उतरले, सरकारने बंदुका उतरवल्या. प्रत्येक वेळी घरात एकच प्रश्न निघाला, खरे कुणाचे मानायचे? वाहिनीचे, सरकारचे की मोबाइलवर आलेल्या चित्रफितीचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. हुकमी राजवटीत बातमीचे काय होते, हे खानदेशाने आपल्या अंगावर भोगले आहे. एकदा नव्हे, अनेकदा.

आधी बंदी, मग शब्द

९ सप्टेंबर १९४२. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. आज तो स्वतंत्र जिल्हा आहे. ‘चले जाव’ची हाक देऊन महिना झाला होता. शाळकरी मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले गेली. आज त्यांचे स्मारक आहे, शाळेच्या पुस्तकात धडा आहे. पण त्या दिवशी ही बातमी छापणे किती कठीण होते, ते धड्यात येत नाही.

८ ऑगस्ट १९४२ रोजीच, म्हणजे मुंबईत ‘चले जाव’चा ठराव होत असतानाच, ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांखाली एक हुकूम काढला होता. चळवळीची बातमी छापायची तर ती सरकारी सूत्रांकडून, ठरावीक वृत्तसंस्थांकडून किंवा सरकारदरबारी नोंद असलेल्या बातमीदाराकडून आलेली असली पाहिजे. ज्याने गोळी झाडली, त्याच्याकडून किंवा त्याची परवानगी असलेल्याकडूनच गोळीबाराची हकीकत घ्यायची, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणून तर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांना लपूनछपून ‘काँग्रेस रेडिओ’ चालवावा लागला, गावोगाव चोरून पत्रके वाटावी लागली. महात्मा गांधींचे ‘हरिजन’ बंद पडले ते याच दिवसांत.

बंदीनंतर दुसरे हत्यार येते ते शब्दांचे. फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारने एक पुस्तिका काढली. ‘१९४२-४३ च्या गडबडींना काँग्रेस जबाबदार’, असा तिच्या नावाचा आशय. देशभर लोक उठले, तुरुंग भरले, मुले मेली. सरकारच्या लेखी त्याचे नाव ‘गडबड’. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये नेले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे लोक त्यात होते. सरकारी दप्तरात तो दरोडा, आपल्या आजोबांच्या तोंडी ती ‘खजिन्याची लूट’. घटना एक, नावे दोन. आणि कोणते नाव छापायचे हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात न्याय.

तिसरे हत्यार आकड्यांचे. १९४२ मध्ये पोलीस आणि लष्कराच्या गोळ्यांनी किती मेले? सरकारने सांगितले १,०२८. लोकांत बोलले जात होते २५ हजार. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ग्रंथात दोन्ही आकडे दिले. लोकांचा आकडा फुगलेला असावा असेही म्हटले आणि खरी संख्या १० हजारांच्या आसपास असेल असा स्वतःचा अंदाज मांडला. ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकारचा आकडा आहे म्हणून खरा नाही आणि आपल्या माणसाचा आकडा आहे म्हणूनही खरा नाही.

सेन्सॉर आणि तेच न्यायमूर्ती

इंग्रज गेले. बंदीचे हत्यार मात्र कपाटातच राहिले आणि २५ जून १९७५ च्या रात्री बाहेर निघाले. आणीबाणी जाहीर झाली, दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मजकूर आधी सेन्सॉरला दाखवण्याची सक्ती आली. काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मराठीत ‘साधना’ साप्ताहिकाने सेन्सॉरचा त्रास सोसला. त्याच ‘साधना’चे संस्थापक साने गुरुजी आपल्या अमळनेरचे. इस्लामी संस्कृतीवर मराठीत आपुलकीने लिहिणारे तेच. १९७५ च्या अखेरीस कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आजारी जयप्रकाशांची आठवण उघडपणे काढून गेल्या आणि पुढे त्यांनाही अटक झाली. पण असे थोडेच. बाकीच्यांनी रेल्वे वेळेवर धावत असल्याच्या बातम्या छापल्या.

एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला बुलडोझर आले, घरे पडली, लोकांनी अडवले तर गोळीबार झाला. ती मुसलमानांची जुनी वस्ती होती. घरे पाडणे आणि सक्तीची नसबंदी या दोन्हींचा धसका तिथल्या लोकांनी घेतला होता. देशातल्या वर्तमानपत्रांतून ही हकीकत धडपणे आली नाही. मग लोकांनी काय केले? रेडिओला कान लावला, बीबीसी ऐकली आणि जे ऐकायला मिळाले नाही ते एकमेकांना सांगितले. सांगता सांगता ते वाढले. नसबंदीच्या किती तरी अफवा तेव्हा गावोगाव फिरल्या; काही खऱ्या होत्या, काही भीतीने रचलेल्या. बातमी दाबली की अफवेला पाय फुटतात. शांततेसाठी बातमी दाबतो, असे प्रत्येक सरकार म्हणते. शांतता मात्र त्याने कधीच येत नाही.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयात एक खटला चालला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला काही मजकूर सेन्सॉरने कापला होता. मसानी न्यायालयात गेले. १९७६ मध्ये निकाल लागला तो त्यांच्या बाजूने. सरकारवर टीका करणे म्हणजे देशाला धोका नव्हे. सगळ्या वर्तमानपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय. आणीबाणीच्या अंधारात असा निकाल द्यायला छाती लागते. तो निकाल देणाऱ्या खंडपीठात होते न्यायमूर्ती डी. पी. मादन. होय, तेच. ज्यांनी जळगावचे ४३ मृत मोजले आणि ४२ व एक असा हिशेब कागदावर आणला, तेच.

या दोन कामांत मला एक धागा दिसतो. मेलेल्यांची नीट मोजणी करणे आणि बोलणाऱ्याचे तोंड मोकळे ठेवणे ही वेगवेगळी कामे नाहीत. जिथे बोलायला बंदी आहे तिथे मोजणीही खरी होत नाही.

सेन्सॉर गेला, सवय राहिली

१९७७ मध्ये आणीबाणी उठली. आज आपल्याकडे निवडणुका होतात, न्यायालये आहेत, हव्या तेवढ्या वाहिन्या आहेत. म्हणून आजच्या राज्याला इंग्रजांच्या राज्यासारखे म्हणणे बरोबर होणार नाही. पण एक गोष्ट कबूल करावी लागते. हुकमी राजवट बातमीदाराला काही सवयी लावते आणि राजवट गेली तरी त्या सवयी जात नाहीत. कुणी सांगितलेले नसते, तरी हात तसाच लिहितो.

रविवार, ६ जानेवारी २०१३. धुळ्यात मच्छीबाजार परिसरात एका हॉटेलात बिलावरून वाद झाला. काही रुपयांची गोष्ट. वादाची मारामारी झाली, मारामारीची दगडफेक, जाळपोळ आणि माधवपुऱ्याच्या बाजूला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पोलीसही मोठ्या संख्येने जखमी झाले, हेही खरे. गोळ्यांनी सहा तरुण गेले. सहाही मुसलमान.

अशा प्रसंगी पहिल्या दिवसाच्या बातम्यांचे शब्द ठरलेले असतात. ‘दोन गटांत हाणामारी’, ‘जमाव अनावर’, ‘समाजकंटक’ आणि मग ते वाक्य: ‘पोलिसांना नाइलाजाने गोळीबार करावा लागला.’ आपल्या मराठीतले हे ‘लागला’ फार कामाचे क्रियापद आहे. ‘पोलिसांनी गोळीबार केला’ ही बातमी झाली. ‘करावा लागला’ हा निकाल झाला. गोळीबार अटळ होता की नव्हता, कमरेखाली झाडल्या की वर, आधी इशारा दिला की नाही, हे सगळे चौकशीत ठरायचे असते. बातमीदाराने एका क्रियापदात ते ठरवून टाकले. त्याने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात तसे लिहिलेले असते, अंक रात्री छापायला जायचा असतो, संचारबंदी असलेल्या मोहल्ल्यात जाणे सोपे नसते. मग पत्रकच बातमी होते. १९४२ मध्ये जे हुकमाने करून घ्यावे लागले, ते २०१३ मध्ये घाईने आपोआप होते.

धुळ्याच्या बाबतीत चित्र बदलले ते मोबाइलमुळे. लोकांनी घराच्या खिडकीतून, गच्चीवरून काढलेल्या चित्रफिती काही दिवसांत बाहेर आल्या. त्यांत गणवेशातले पोलीस मोडतोड करताना, सामान उचलून नेताना दिसत होते. देशभर त्या दाखवल्या गेल्या, काही पोलिसांना अटक झाली आणि सरकारने न्यायमूर्ती श्रीकांत मालते यांचा चौकशी आयोग नेमला. त्या चित्रफिती नसत्या तर ‘करावा लागला’ हेच वाक्य इतिहास झाले असते.

‘दोन गट’ या शब्दप्रयोगाविषयी थोडे न्यायाने बोलले पाहिजे. दंगल पेटलेली असताना जातीधर्माचे नाव छापू नये, हा संकेत चांगल्या हेतूने आला आहे. एका गावचे मृत दुसऱ्या गावात धर्माने मोजले गेले की तिथेही काडी पडते. भिवंडीहून जळगावला एका दिवसात काय पोचले ते आपण पाहिलेच. म्हणून आग जळत असताना हा संकेत पाळलाच पाहिजे. तक्रार पुढची आहे. आग विझल्यावर महिन्याने, वर्षाने, दहा वर्षांनीही बातमी ‘दोन गटां’पाशीच थांबते. आणि त्याच वेळी संशयितांची नावे मात्र वडिलांच्या नावासह, पत्त्यासह छापून येतात. मृतांना धर्म नाही, आरोपींना आहे, अशी ही वाटणी. संकेत पाळायचा तर दोन्हीकडे पाळा.

आणखी एक ठरलेला शब्द म्हणजे ‘तणावपूर्ण शांतता’. ज्याच्या घरी दूध संपले आहे, ज्याचा यंत्रमाग चार दिवस बंद आहे आणि ज्याची रोजी त्या मागावर आहे, त्याला विचारा ती कसली शांतता. संचारबंदीत बाळंतीण दवाखान्यात कशी गेली, दहावीच्या मुलाची परीक्षा कशी झाली, हातगाडीवरची केळी कुणाच्या पदरात सडली, या बातम्या नाहीत का? सरकारसाठी गोंधळ हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असतो; घरासाठी तो चुलीचा प्रश्न असतो. बातमी बहुधा सरकारच्या खुर्चीवर बसून लिहिली जाते, चुलीपाशी बसून नाही.

ढाका, कैरो आणि आपण

आता हीच मोजपट्टी घेऊन बाहेरच्या देशांकडे पाहू.

सप्टेंबर २०१० मध्ये इजिप्तच्या ‘अल-अहराम’ या सरकारी दैनिकाने एक छायाचित्र छापले. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांसह काही नेते चालत आहेत आणि सगळ्यांच्या पुढे होस्नी मुबारक. मूळ छायाचित्रात मुबारक सगळ्यांच्या मागे एका कडेला होते. दैनिकाने त्यांना उचलून पुढे आणले. जग हसले. चार महिन्यांनी तहरीर चौक माणसांनी भरला, सरकारने इंटरनेट तोडले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मुबारक गेले. छायाचित्रात पुढे आणलेला माणूस रस्त्यावर मागे राहिला.

पण गोष्ट इथे संपली नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी त्याच कैरोत राबिया अल-अदविया चौकातले धरणे लष्कर-पोलिसांनी मोडून काढले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने किमान ८१७ माणसे मेल्याचे नोंदवले. एका दिवसात, एका चौकात. त्या लोकांच्या राजकारणाशी कुणाचे पटो वा न पटो, ती माणसे होती. जगातल्या कित्येक माध्यमांनी मात्र ‘सुरक्षा दले आणि इस्लामवादी यांच्यात चकमक’ असे लिहिले. ‘चकमक’ म्हणजे ‘दोन गट’ याचीच मोठी बहीण.

बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून विद्यार्थी उठले. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद नावाचा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्या झेलून पडला. चित्रफीत जगाने पाहिली. पोलिसांच्या फिर्यादीत मात्र दोष आंदोलकांच्याच गोळ्यांना आणि विटांना दिला होता. दोन दिवसांत इंटरनेट बंद झाले. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नंतर अंदाज दिला की त्या दीड महिन्यात १,४०० पर्यंत माणसे मेली असावीत.

आपल्याकडच्या अनेक वाहिन्यांना या पोरांचे मरण तीन आठवडे फारसे दिसलेच नाही. सगळे कुणा परक्या देशाचे कारस्थान, असे ऐकवले गेले. हसीना गेल्यावर कॅमेरे एकदम जागे झाले. मग क्रिकेटपटू लिटन दास याचे घर जाळल्याची चित्रे फिरली. जळालेले घर होते मशरफे मोर्तझाचे. तोही क्रिकेटपटूच, पण हसीनांच्या पक्षाचा खासदार.

इथे मात्र आपल्याला थांबायला हवे. ‘लिटन दासची बातमी खोटी होती’ एवढे हाती लागले की आपल्यापैकी काहीजण लगेच म्हणू लागले, हिंदूंवर हल्ले झालेच नाहीत, सगळे खोटे. तेही खोटेच. हिंदूंची घरे, मंदिरे, दुकाने यांवर त्या दिवसांत हल्ले झाले, हे संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अहवालात आहे. एका खोट्या बातमीने खरी जखम पुसली जात नाही. जळगावची ४२ माणसे आपण विसरू नये असे म्हणतो, तर ४३ वा जो हिंदू होता, तोही कुणाच्या तरी घरचा होता, हे म्हणण्याची हिंमत आपल्यात हवी.

आणखी एक कडू गोष्ट. १६ मार्च १९८८ रोजी इराकच्या हलब्जा गावात सद्दाम हुसेनच्या फौजेने विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार कुर्द मेले. बायका, मुले, म्हातारे, बहुतेक सगळे मुसलमान. त्यानंतर तीनच वर्षांनी आखाती युद्धाच्या वेळी आपल्याकडच्या किती तरी मोहल्ल्यांत सद्दामच्या तसबिरी विकल्या गेल्या. अमेरिकेच्या विरोधात उभा राहिला म्हणून तो नायक झाला आणि हलब्जाची बातमी ‘पाश्चिमात्यांचा प्रचार’ ठरली. जालिमाचे नाव आपल्यासारखे असले की त्याच्या बातमीला आपण वेगळा तराजू लावतो. मग वाहिन्यांना तराजूबद्दल बोलायचे कोणत्या तोंडाने?

घरातला तराजू

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये ईमानवाल्यांना ताकीद आहे की, भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा; नाहीतर नकळत एखाद्या लोकसमूहाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. सूरह अन्-निसामध्ये न्यायाची साक्ष देताना ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध जात असली तरी देण्याचा हुकूम आहे. आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसचा आशय असा की, ऐकले ते सगळे पुढे सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे. मोबाइलच्या युगासाठी याहून नेमकी शिकवण कुठली? ही तिन्ही वचने आपण मिलादच्या व्याख्यानात ऐकतो. ती वर्तमानपत्र वाचतानाही लागू आहेत, हे विसरतो.

मग घरात करायचे काय? संध्याकाळी मुले बातम्या पाहत असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना चार प्रश्न विचारायची सवय लावा. ही बातमी कुणी सांगितली? पोलिसांनी, मंत्र्याने, की जिथे घडले तिथल्या बाईने? आकडा कुणाचा आहे, आणि दुसऱ्या कुणी वेगळा आकडा दिला आहे का? वाक्यात करणारा आहे की गायब आहे? ‘सहा ठार’ असे लिहिले असेल तर ‘कुणाच्या गोळीने’ हे पुढे आहे की नाही ते बघ. आणि शेवटचा प्रश्न: हेच आपल्याविरुद्ध जाणारे असते, तर तुला एवढ्यावर खरे वाटले असते का? दहावी-बारावीच्या पोरीला हे सहज जमते. एखादी आपा मोहल्ल्यातल्या पाच मुलींना घेऊन आठवड्यातून एकदा दोन दैनिके शेजारी ठेवून हा खेळ करू शकते. एकच घटना, दोन मथळे. व्याकरणही पक्के होईल.

मोबाइलवर आलेली चित्रफीत लगेच पुढे पाठवू नका, पण पुसूनही टाकू नका. ती कुठली, कुणी काढली, कोणत्या तारखेची, हे विचारा. धुळ्यात ज्यांनी चित्रफिती जपल्या त्यांच्यामुळे सत्य बाहेर आले. ज्यांनी दुसऱ्या गावच्या जुन्या चित्रफिती धुळ्याच्या नावाने फिरवल्या असतील, त्यांनी खऱ्या चित्रफितींचे मोल कमी केले.

बातमी चुकीची असेल तर घरात बसून चिडण्यापेक्षा लिहा. आधी संपादकाला पत्र, अंकाची तारीख आणि मजकूर देऊन, सभ्य भाषेत. दाद मिळाली नाही तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक व साप्ताहिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. वाहिनीबद्दल तक्रार असेल तर ती वाहिनीकडे सात दिवसांच्या आत पोचली पाहिजे. वकील लागत नाही. प्रत्येक तक्रारीला यश येईल असे नाही. पण आपल्या गावच्या बातमीदाराला एवढे कळते की ही बातमी त्या मोहल्ल्यातही वाचली जाते आणि तिथे वाचणारे लोक शब्द तपासतात. पुढच्या वेळी ‘करावा लागला’ लिहिताना त्याचा हात क्षणभर थांबला, तरी पुष्कळ झाले.

बातमीदारांशी वैर धरण्याचे कारण नाही. जळगाव-धुळ्याचे तालुका वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतात. त्यातले काही जिवाची जोखीम घेऊन खरे लिहितात. त्यांना मोहल्ल्यात बोलवा, दंगलीनंतरच नव्हे, एरवीही. रावेर-यावलच्या तडवी वस्त्यांत पाणी येत नाही तेव्हा, मागवाल्यांची मजुरी थकते तेव्हा, मुलगी शाळेत पहिली येते तेव्हा. ज्याला आपले घर माहीत आहे, त्याला आपल्याविषयी ‘एक गट’ असे लिहिणे अवघड जाते.

चौकशी आयोगाचे अहवाल उशिरा येतात आणि आले की आतल्या पानावर, तळाशी, चार ओळींत छापले जातात. त्या दिवशी पहिल्या पानावर दुसरीच कुठली तरी आग असते. म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात, मशिदीच्या वाचनालयात असो की महिला मंडळाच्या कपाटात, एक वही असावी. तारीख, घटना, पहिल्या दिवशी काय छापले, नंतर काय निघाले, कुणाचे किती नुकसान, कोणत्या शेजाऱ्याने कुणाला घरात लपवले. तेही लिहायचे, विसरायचे नाही. आपली नावे जशी लिहायची तशीच शेजाऱ्यांचीही. मादन आयोगाने जे काम केले ते करायला न्यायमूर्तीच लागतात असे नाही. शाळेची जुनी वही, एक पेन आणि खरे लिहिण्याची सवय एवढे पुरते.